‘द्वितीयक’ इलेक्ट्रॉन: एका मापनाचा आणि एका संज्ञेचा इतिहास

१

धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांचा मारा केला असता त्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना ‘प्राथमिक’ आणि बाहेर पडणाऱ्यांना ‘द्वितीयक’ म्हणण्याची प्रथा आहे. बाहेर पडणाऱ्यांची संख्या भागिले येणाऱ्यांची संख्या, हे त्या धातूचे उत्सर्जन-गुणोत्तर होय. व्याख्या इतकी सरळ आहे की तिच्यात वादाला जागा असेल असे प्रथमदर्शनी वाटत नाही. तथापि गेल्या सव्वाशे वर्षांत एकाच धातूसाठी निरनिराळ्या प्रयोगशाळांनी दिलेले आकडे शेजारी शेजारी मांडले, तर त्यांतील तफावत काही ठिकाणी दुपटीहूनही अधिक भरते. हे आकडे देणारे लोक हलगर्जी नव्हते. त्यांत नोबेल पारितोषिकाचे मानकरी आहेत, आणि ज्यांच्या उपकरणांवर पुढे मोठमोठे उद्योग उभे राहिले असेही आहेत. मग ही तफावत आली कोठून?

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, या तफावतीचे मूळ मोजण्याच्या कौशल्यापेक्षा ‘काय मोजले’ या प्रश्नात अधिक आहे. ‘द्वितीयक’ हा शब्द मापनाच्या आधी आला. त्याने दर्शविलेली वस्तू मात्र दर पिढीत बदलत गेली. तसेच ‘निकेल’, ‘तांबे’, ‘सीझियम’ हे शब्द तेच राहिले, पण त्या नावाखाली उपकरणात बसविलेला पृष्ठभाग तोच राहिला नाही. भाषेच्या इतिहासात एकाच शब्दाचे अर्थांतर ओळखल्याशिवाय जुना ग्रंथ वाचता येत नाही. जुने आकडे वाचतानाही तीच सावधगिरी पाळावी लागते.

२

‘द्वितीयक’ ही संज्ञा मुळात इलेक्ट्रॉनांसाठी घडलेली नाही. क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागल्यानंतर दोनच वर्षांनी फ्रेंच शास्त्रज्ञ झॉर्झ सान्याक यांना असे आढळले की, क्ष-किरण धातूवर पडले असता धातूतून वेगळ्या प्रकारचे किरण निघतात. त्यांना त्यांनी ‘द्वितीयक किरण’ म्हटले. १९०० साली प्येर क्यूरी आणि सान्याक यांनी दाखवून दिले की, या द्वितीयक किरणांचा काही भाग ऋण विद्युत्‌भार वाहून नेतो. म्हणजे संज्ञा तयार होती, तिचा पहिला धनी प्रारण हा होता, आणि कण तिच्यात मागाहून शिरला.

ऋणाग्र-किरणांच्या, म्हणजेच वेगवान इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत निर्णायक निरीक्षण ऑस्टिन आणि श्टार्के या दोघांनी १९०२ साली ‘ॲनालेन डेर फिजीक’ या जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांचा मूळ विषय धातूवरून होणारे ऋणाग्र-किरणांचे परावर्तन हा होता. आलेल्या किरणांचा काही अंश परत जातो, उरलेला धातूत राहतो; म्हणून धातूच्या तबकडीवर ऋणभार साचला पाहिजे, ही अपेक्षा. परंतु किरण पुष्कळ तिरपे पाडले असता तबकडीवर धनभार दिसू लागला. परावर्तन कितीही परिपूर्ण मानले, तरी जितके आले त्याहून अधिक परत जाणे शक्य नाही. अर्थात्, जे बाहेर पडत होते त्यांतील काही इलेक्ट्रॉन धातूचे स्वतःचे होते. एका चिन्हाच्या बदलाने, ऋणाच्या जागी धन येण्याने, एक नवी घटना सिद्ध झाली. त्यांच्या लेखाच्या मथळ्यातच परावर्तन आणि ‘द्वितीयक उत्सर्जन’ ही दोन्ही पदे शेजारी आहेत. या दोन पदांतील सीमा कोठे आखावयाची, हा पुढील अर्धशतकाचा वाद त्या मथळ्यात बीजरूपाने होता.

तिरप्या माऱ्याचे महत्त्व आज सहज उलगडते. वेगवान इलेक्ट्रॉन लंबरूपाने आला तर धातूत खोल जातो. तेथे त्याने हलविलेले मंद इलेक्ट्रॉन पृष्ठभागापर्यंत पोचण्यापूर्वीच आपली ऊर्जा गमावतात. तोच तिरपा आला तर त्याचा मार्ग पृष्ठभागालगत राहतो आणि हललेल्यांना बाहेर पडण्यास अवसर मिळतो. याच कारणाने येणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वाढवीत गेले असता गुणोत्तर आधी चढते, काही शे इलेक्ट्रॉन-व्होल्टांवर कमाल गाठते, आणि नंतर पुन्हा उतरते. बहुतेक धातूंच्या बाबतीत या वक्राचा आकार इतका सारखा असतो की, कमाल गुणोत्तर आणि त्या वेळची ऊर्जा हे दोन आकडे दिले म्हणजे उरलेला वक्र जवळजवळ निश्चित होतो. १९५० साली बरूडी यांनी धातूंसाठी मांडलेल्या सिद्धांतातील सर्वसामान्य वक्र तो हाच.

३

आता मापनाची रीत पाहू. निर्वात काचपात्रात एका बाजूला इलेक्ट्रॉन सोडणारी तप्त तार, मधोमध धातूचे लक्ष्य, आणि लक्ष्याभोवती पोकळ गोलासारखा संग्राहक. संग्राहक लक्ष्याहून किंचित धन ठेवला म्हणजे लक्ष्यातून निघालेले इलेक्ट्रॉन त्याच्याकडे ओढले जातात. संग्राहकाचा प्रवाह आणि लक्ष्याचा प्रवाह यांची बेरीज म्हणजे येणारा प्रवाह; आणि संग्राहकाचा प्रवाह भागिले ही बेरीज म्हणजे गुणोत्तर. लक्ष्याचा प्रवाह शून्य झाला की गुणोत्तर नेमके एक. त्याचे चिन्ह उलटले की एकाहून अधिक.

ही रीत किती सोज्ज्वळ दिसते! परंतु तिच्यात फसगतीच्या अनेक जागा आहेत. संग्राहकावर आदळणारे इलेक्ट्रॉन संग्राहकातूनही इलेक्ट्रॉन काढतात. त्यांना ‘तृतीयक’ म्हणावे लागेल, आणि त्यांतील काही लक्ष्याकडे परततात. म्हणून अनुभवी प्रयोगकर्ते संग्राहकाच्या आतील अंगाला काजळी धरीत, कारण काजळीतून फार थोडे इलेक्ट्रॉन निघतात. दोन भिन्न धातू एका मंडलात जोडल्याने त्यांच्यामध्ये संपर्क-विभव उत्पन्न होतो. त्याची वजाबाकी न केल्यास एक-दोन व्होल्टांची चूक राहते. ज्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जाच पाच व्होल्टांच्या आत आहे, त्यांच्या बाबतीत ही चूक लहान नव्हे.

बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन एकाच जातीचे नाहीत, हे कळले ते संग्राहकाचा दाब उलटा केल्यामुळे. संग्राहक लक्ष्याच्या मानाने ऋण केला, तर जे इलेक्ट्रॉन त्या चढाला पुरून उरतील तेवढेच पोचतात. चढ पायरीपायरीने वाढविला की ऊर्जेप्रमाणे त्यांची वाटणी हाती येते. लेनार्ट यांनी प्रकाशविद्युत् परिणामाच्या अभ्यासात ही रोधक विभवाची रीत १९०२ साली वापरली होती. मारा झालेल्या धातूंना ती लावली तेव्हा हळूहळू तीन समूह स्पष्ट झाले: येणाऱ्या इलेक्ट्रॉनांइतकीच ऊर्जा असलेल्यांचा एक अरुंद शेंडा, काही व्होल्टांच्या आसपास मंद इलेक्ट्रॉनांचा मोठा उंचवटा, आणि या दोहोंमध्ये पसरलेला सखल प्रदेश.

या अरुंद शेंड्याचा पाठपुरावा फार दूरवर पोचला. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत क्लिंटन डेव्हिसन रेडिओ-नलिकांतील पृष्ठभागांचा अभ्यास करीत होते. या कामाचा संबंध निर्वात नलिकेच्या पेटंटावरून दोन मोठ्या कंपन्यांत चाललेल्या तंट्याशी होता. निकेलवर इलेक्ट्रॉनांचा मारा केला असता काही इलेक्ट्रॉन संपूर्ण ऊर्जेनिशी परत येतात, हे डेव्हिसन आणि कुन्समन यांनी १९२१ साली प्रसिद्ध केले. १९२५ साली डेव्हिसन आणि गर्मर यांच्या प्रयोगशाळेत द्रवरूप हवेची बाटली फुटून नलिका भंगली, तापलेले निकेल हवेत सापडून गंजले, आणि ते स्वच्छ करण्यासाठी दीर्घकाळ तापविल्यामुळे त्याच्या असंख्य बारीक स्फटिकांचे थोडे मोठे स्फटिक बनले. त्यानंतर परत येणाऱ्या इलेक्ट्रॉनांची दिशावार वाटणी पार पालटली. १९२७ साली एका स्फटिकावर केलेल्या पद्धतशीर प्रयोगांत ५४ व्होल्टांच्या इलेक्ट्रॉनांचा शेंडा ५० अंशांच्या दिशेला मिळाला. त्यावरून निघणारी तरंगलांबी १.६५ अँगस्ट्रॉम, तर द ब्रॉग्ली यांच्या सूत्राने मिळणारी १.६७. इलेक्ट्रॉनाच्या तरंगरूपाचा हा पुरावा १९३७ च्या नोबेल पारितोषिकास कारण झाला.

विज्ञानाच्या इतिहासात ही कथा वारंवार सांगितली जाते. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचा अर्थ थोडा निराळा आहे. निकेल तेच होते. रासायनिक दृष्ट्या ‘निकेल’ या शब्दात काही फरक पडला नव्हता. स्फटिकांची मांडणी बदलताच मापन बदलले. म्हणजे कोष्टकात नुसते धातूचे नाव लिहून भागत नाही, हे या प्रसंगाने सिद्ध केले.

४

एकीकडे पदार्थविज्ञ हे समूह वेगळे करीत असताना अभियंत्यांनी या घटनेशी निराळाच व्यवहार आरंभिला होता. ॲल्बर्ट हल यांनी १९१८ साली ‘डायनाट्रॉन’ या नलिकेचे वर्णन प्रसिद्ध केले. तीत पट्टिकेचा दाब वाढविला की पट्टिकेचा प्रवाह वाढण्याऐवजी घटतो. कारण आदळणारे इलेक्ट्रॉन जितके येतात त्याहून अधिक तेथून निघून जातात. या ‘ऋण रोधा’चा उपयोग आंदोलने निर्माण करण्यास झाला. जोसेफ स्लेपियन यांना १९२३ साली मिळालेल्या पेटंटात तर हीच क्रिया गुणाकारासाठी योजण्याची कल्पना होती. याउलट फिलिप्स कंपनीतील टेलेगन यांनी १९२६ साली पंचाग्र नलिकेत एक जादा जाळी घातली, ती याच इलेक्ट्रॉनांना परत लोटण्यासाठी. एकाला जे धन वाटले ते दुसऱ्याला विघ्न वाटले. पण दोघांनाही आकडा हवा होता.

गुणाकाराचा हिशेब साधा आहे. एका पृष्ठभागाचे गुणोत्तर चार असेल आणि असे दहा पृष्ठभाग एकामागून एक ठेवले, तर एका इलेक्ट्रॉनाचे १०,४८,५७६ होतात. लेनिनग्राडमध्ये कुबेत्स्की यांनी १९३० नंतर, आणि अमेरिकेत झ्वोरिकिन, मॉर्टन व मॉल्टर यांनी १९३६ साली वर्णिलेल्या गुणक नलिका याच हिशेबावर उभ्या आहेत. परंतु शुद्ध धातूंचे कमाल गुणोत्तर चारपर्यंत जातच नाही. तांबे व निकेल यांचे सुमारे १.३, सोन्याचे सुमारे १.४, बेरिलियमचे तर अवघे ०.५ च्या आसपास. मग चार आणि त्याहून अधिक गुणोत्तर देणारे ते पृष्ठभाग कोणते?

येथे एका अनुमानाने बराच काळ दिशाभूल केली. तप्त तारेतून किंवा प्रकाशामुळे इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, तेव्हा धातूचे कार्यफलन जितके कमी तितके उत्सर्जन अधिक. सीझियमसारख्या अल्कली धातूंचे कार्यफलन सर्वांत कमी. तेव्हा त्यांचे द्वितीयक उत्सर्जनही सर्वांत अधिक असावे, हे अनुमान तर्काला पटण्यासारखे होते, आणि सीझियमचा लेप दिलेल्या गुणक-पृष्ठभागांचे मोठे आकडे त्याला दुजोरा देत होते. हॉलंडमध्ये आइंडहोव्हन येथे फिलिप्सच्या प्रयोगशाळेत ब्रुइनिंग आणि द बूर यांनी १९३८ च्या सुमारास हे अनुमान तपासले. अल्कली धातूंचे थर त्यांनी निर्वातातच बाष्पापासून बसविले आणि हवा लागू न देता मोजले. निष्कर्ष अगदी उलट निघाला: स्वच्छ अल्कली धातूंचे गुणोत्तर एकाहूनही कमी, आणि ज्याचे कार्यफलन मोठे त्या प्लॅटिनमचे मात्र दीडाहून अधिक. मोठे आकडे सीझियमचे नव्हतेच. ते सीझियम, त्याचे ऑक्साइड आणि खालचा धातू यांच्या मिश्र थराचे होते. ऑक्साइडासारख्या रोधक पदार्थात मंद इलेक्ट्रॉनांना ऊर्जा गमावण्यास वाव कमी, म्हणून खोलवर हललेलेही बाहेर येऊ शकतात. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, बेरिलियम यांच्या ऑक्साइडांचे गुणोत्तर मूळ धातूच्या कित्येक पट असते.

आधीच्या प्रयोगकर्त्यांनी मोजताना चूक केली नव्हती. त्यांनी दिलेली संख्या त्यांच्या समोरील पृष्ठभागाच्या बाबतीत खरी होती; त्या संख्येच्या डोक्यावर लिहिलेले नाव तेवढे खोटे होते.

५

स्वच्छ पृष्ठभाग म्हणजे काय, हे ठरविण्याचे साधनही १९५० पर्यंत अपुरे होते. पाऱ्याच्या मिलिमीटराचा दशलक्षांश इतका दाब शिल्लक असेल आणि आदळणारा प्रत्येक रेणू चिकटून राहील, तर दोन-तीन सेकंदांत पृष्ठभागावर एका रेणूच्या जाडीचा संपूर्ण थर बसतो. मंद इलेक्ट्रॉन धातूत ज्या खोलीवरून बाहेर येतात ती खोलीच मुळी थोड्या नॅनोमीटरांची. तेव्हा असा थर नगण्य नव्हे. दाब याच्या एक सहस्रांश केला तर अर्ध्या तासाहून अधिक अवधी मिळतो. परंतु इतका अल्प दाब त्या वेळच्या तप्त-तार दाबमापकांना दाखविताच येत नसे. त्यांचा काटा दशकोट्यंशाच्या आसपास अडून बसे. कारण त्या मापकातील जाळीवर इलेक्ट्रॉन आदळून मृदू क्ष-किरण निघत, ते मापकाच्या संग्राहकावर पडून तेथून इलेक्ट्रॉन बाहेर काढीत, आणि संग्राहकातून गेलेला इलेक्ट्रॉन व संग्राहकावर आलेला धन आयन यांत प्रवाहमापकाला भेद करता येत नसे. किरणांनी धातूतून काढलेले, सान्याक यांनी पाहिलेल्या प्रकाराच्या जवळचे उत्सर्जनच निर्वाताच्या मोजणीआड उभे होते! १९५० साली बेयर्ड व अल्पर्ट यांनी संग्राहकाच्या जागी एक बारीक तार घातली. क्ष-किरणांना आदळण्यास जागाच उरली नाही, आणि अतिनिर्वात मोजता येऊ लागला.

याच सुमारास मधल्या सखल प्रदेशाकडेही लक्ष गेले. स्वीडनच्या रूडबेर्ग यांनी १९३० पासून दाखविले होते की, परतणाऱ्या काही इलेक्ट्रॉनांनी ठराविक, त्या त्या पदार्थाला विशिष्ट अशी ऊर्जा गमाविलेली असते. १९५३ साली लँडर यांनी या प्रदेशातील बारीक उंचवटे ओझे-इलेक्ट्रॉनांचे म्हणून ओळखले. लीझे माइट्नर यांनी १९२२ साली आणि प्येर ओझे यांनी पाठोपाठ वर्णिलेली ती अणूतील पुनर्रचनेची क्रिया. १९६८ साली हॅरिस यांनी विद्युत्‌मंडलाच्या साहाय्याने वक्राचे विकलन करून हे उंचवटे ठळक केले, आणि पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्ये आहेत हे खुद्द बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडूनच कळू लागले. तेव्हापासून मापन आणि लक्ष्याची ओळख ही दोन्ही कामे एकाच प्रयोगात होऊ शकली.

६

आता ‘द्वितीयक’ या संज्ञेकडे परत वळू. आज सर्वत्र असा संकेत आहे की, ५० इलेक्ट्रॉन-व्होल्टांहून कमी ऊर्जेचे बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन ‘खरे द्वितीयक’, आणि त्याहून अधिक ऊर्जेचे ‘परतलेले प्राथमिक’. ५० या संख्येला निसर्गात काही स्थान नाही; त्या जागी वक्र पुष्कळसा सपाट असतो, म्हणून तेथे रेघ ओढणे सोयीचे, इतकेच. मूळचा प्रश्न, धातूचे इलेक्ट्रॉन कोणते आणि बाहेरून आलेले कोणते, या रेघेने सुटत नाही. किंबहुना तो सुटण्यासारखाच नाही. सर्व इलेक्ट्रॉन अभिन्न आहेत. दोन इलेक्ट्रॉनांची टक्कर झाल्यावर आलेला कोणता आणि आधीचा कोणता, हे सामान्यतः विचारताच येत नाही, ही गोष्ट मॉट यांनी १९३० साली दोन इलेक्ट्रॉनांच्या टकरीच्या गणितात अंतर्भूत केली. ऑस्टिन आणि श्टार्के यांनी हिशेबाने सिद्ध केले ते एवढेच की, बाहेर पडणाऱ्यांची संख्या येणाऱ्यांहून अधिक आहे. यापलीकडे एखाद्या विशिष्ट इलेक्ट्रॉनाचे कुळ सांगण्याचा अधिकार मापनाला नाही.

मराठीत या संज्ञेसाठी शब्द निवडताना ही अडचण अधिक स्पष्ट होते. ‘गौण’ म्हटले तर महत्त्व कमी असल्याचा बोध होतो. गुणक नलिकेत तर सारे महत्त्व त्यांचेच. ‘दुय्यम’ हा शब्द कचेरीच्या उतरंडीतून आलेला, ‘दुय्यम निबंधक’ या पदासारखा. तो अधिकाराची पायरी सांगतो. ‘द्वितीयक’ केवळ क्रम सांगतो, म्हणून तो त्यातल्या त्यात निर्दोष. तरीही क्रम म्हणजे वंशावळ नव्हे, हे त्याच्या व्याख्येत नमूद करणे आवश्यक आहे. हा शब्द कणाच्या स्वरूपाचा वाचक नसून वक्रावरील एका प्रदेशाचा वाचक आहे, असे परिभाषाकोशाने स्पष्ट सांगावे. भाषाशास्त्रात एखादा ध्वनी स्वरूपावरून नव्हे, तर व्यवस्थेतील स्थानावरून ओळखला जातो. ही संज्ञाही तशीच वाचली पाहिजे.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. जिनीव्हाजवळच्या सर्न येथील २७ किलोमीटर परिघाच्या प्रवेगकात प्रोटॉनांचे पुंजके ज्या नळीतून धावतात तिच्या आतील अंगाला तांब्याचा थर आहे. त्या थरातून सुटणारे इलेक्ट्रॉन पुंजक्यांच्या विद्युत्‌क्षेत्राने समोरच्या भिंतीवर आदळतात आणि आणखी इलेक्ट्रॉन काढतात; गुणोत्तर पुरेसे मोठे असेल तर नळीत त्यांचा ढग साचतो आणि प्रोटॉनांचा झोत बिघडतो. तेथील रचनाकाराला स्वच्छ तांब्याच्या १.३ या आकड्याचा थेट उपयोग नाही. हवेत राहिलेल्या, पाण्याची वाफ आणि ऑक्साइड धरून असलेल्या तांब्याचे कमाल गुणोत्तर दोनच्या आसपास जाते. आणि इलेक्ट्रॉनांच्याच माऱ्याने ते उतरत उतरत सव्वापर्यंत किंवा त्याखालीही येते, कारण मारा पृष्ठभागावरील काही थर उडवितो आणि कार्बनाचा पातळ थर मागे ठेवतो. म्हणून २०११ पासून तेथे मुद्दाम ढग निर्माण करून त्याच्याकरवी नळी ‘घासून’ घेण्यासाठी झोताचे दिवस राखून ठेवण्यात आले. मोजण्याची क्रियाच मोजलेली वस्तू बदलते, ही गोष्ट जुन्या प्रयोगकर्त्यांना त्रासदायक विकृती वाटे. येथे ती कामाला लावली आहे.

यावरून जुन्या आकड्यांविषयी निराळा निर्णय करावा लागतो. १९३० पूर्वीच्या मापनांना ‘अशुद्ध पृष्ठभागांची मापने’ म्हणून बाजूस सारण्याचा प्रघात आहे. स्वच्छ धातूच्या सिद्धांताची कसोटी म्हणून ती निरुपयोगी आहेत, हे मान्य. परंतु वायूचा थर धरलेल्या, अर्धवट तापविलेल्या, माऱ्याने हळूहळू बदलत जाणाऱ्या धातूची मापने म्हणून ती खरी आहेत. आणि यंत्रांतून प्रत्यक्ष वापरला जाणारा धातू हाच असतो. अट एकच: आकड्याबरोबर त्या पृष्ठभागाचा वृत्तांत वाचला पाहिजे. किती तापविला, किती वेळ मारा झाला, नळीत दाब किती होता, संग्राहकाला काजळी होती की नव्हती, या गोष्टी मूळ निबंधांत बहुधा दिलेल्या असतात. नंतरच्या कोष्टकांत त्या गळतात आणि धातूचे नाव व संख्या एवढेच उरते. कोष्टकावरून मूळ निबंधाकडे जाण्याचे कष्ट विद्यार्थ्याने का घ्यावेत, या प्रश्नाचे उत्तर या गळतीत आहे.